बालीहून इजेनचा ज्वालामुखी: एका रात्रीत जाऊन यायचं तर

बालीला निघालेल्या ग्रुपांच्या यादीत उलुवातू आणि नुसा पेनिडाच्या जोडीला हल्ली इजेनचं नाव असतंच. निळी आग, फिरोजी सरोवर, पिवळाधमक गंधक. फोटो खरे आहेत, पण फोटोखाली बऱ्याच गोष्टी लिहिलेल्या नसतात. पहिली म्हणजे इजेन बालीत नाहीच. तो जावा बेटाच्या पूर्व टोकाला, बान्युवांगी गावाच्या वर आहे. तिथे पोचायला आधी गाडी, मग फेरीबोट, पुन्हा गाडी आणि शेवटी अंधारात तीन किलोमीटरची चढण.

चढणीला घाबरायचं कारण नाही. आतकरवाडीतून सिंहगड चढणाऱ्याला ती जमते. उंचीचा फरक साधारण ५०० मीटर, म्हणजे सिंहगडापेक्षा थोडा कमीच. लोक फसतात ते घड्याळात, वायूत आणि थंडीत.

बेत आखण्याआधी मनाशी एक ठरवून टाका. सरोवर आणि पहाट हा मुख्य कार्यक्रम. निळी आग जमली तर जमली. हा क्रम उलटा ठेवला की घाईघाईत चढणं, गर्दीत विवरात उतरणं आणि वायूच्या ढगात अडकणं, हे सगळं ओघाने येतं.

१. एका रात्रीत की एक मुक्काम करून?

कुटा, सेमिन्याक किंवा उबूदहून एका रात्रीत जाऊन येता येतं. पण त्यात १९-२० तास जातात आणि झोप गाडीत जेवढी लागेल तेवढीच. कुट्याहून गिलिमानूक, म्हणजे जावाची फेरी सुटते ते बंदर, साधारण १३० किलोमीटर. बालीचे रस्ते पाहता रात्रीसुद्धा साडेतीन-चार तास धरा.

यापेक्षा बरे दोन पर्याय आहेत. एक, बालीच्या वायव्येला पेमुतेरान किंवा उत्तरेला लोविनाला आधी मुक्काम हलवायचा. पेमुतेरानहून गिलिमानूक पाऊण तासावर, लोविनाहून दोन तासांवर. दुसरा, आदल्या दुपारीच फेरीने बान्युवांगीला जायचं, संध्याकाळी सातला झोपायचं आणि मध्यरात्रीनंतर उठायचं. सोबत साठीच्या पुढचं कोणी असेल तर हा दुसराच पर्याय घ्या.

दक्षिण बालीतून एका रात्रीतच करायचं असेल तर टूरवाल्याला एक प्रश्न विचाराच: परतीला गाडी कोण चालवणार? रात्रभर जागलेला तोच ड्रायव्हर सकाळी पुन्हा चार तास गाडी हाकणार असेल तर दुसरी टूर बघा. नीट काम करणारे लोक बालीची गाडी गिलिमानूकला थांबवतात, तुम्हाला पायी प्रवासी म्हणून फेरीत चढवतात आणि पलीकडे केतापांग बंदरात जावाची गाडी तयार ठेवतात. बालीचा ड्रायव्हर तेवढ्या वेळात झोप काढतो. शिवाय गाड्यांच्या रांगेत अडकावं लागत नाही ते वेगळंच.

२. तारीख निवडताना

एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम, त्यातले मे, जून आणि सप्टेंबर सगळ्यात सोयीचे. जुलै-ऑगस्टमध्ये आकाश स्वच्छ असतं, पण गर्दी आणि थंडी दोन्ही जास्त. नोव्हेंबर ते मार्च पाऊस. वाट निसरडी होते, ढगात सरोवर दिसत नाही आणि हवामान बिघडलं की गेटच उघडत नाहीत.

या तारखा टाळा:

- महिन्याचा पहिला शुक्रवार. या दिवशी इजेन बंद ठेवण्याची पद्धत आहे.
- न्येपी, म्हणजे बालीचं शक नववर्ष. बऱ्याच वर्षी ते आपल्या गुढीपाडव्याच्या आसपासच येतं. त्या दिवशी पूर्ण बेट बंद असतं, विमानतळ आणि गिलिमानूक बंदरासकट. पाडव्याची सुट्टी जोडून बालीला जाणाऱ्यांनी तर ही तारीख आधी बघावी.
- रमजान ईदच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा. जावाला घरी निघालेल्यांच्या गाड्यांची रांग बंदरावर काही किलोमीटर लागते.
- शनिवार-रविवार. तिकीटही महाग आणि विवराच्या वाटेवर ढकलाढकली.

३. ज्वालामुखीची तब्येत तपासा

इंडोनेशियाची ज्वालामुखी संस्था प्रत्येक ज्वालामुखीला चारपैकी एक पातळी देते: १ नोर्माल, २ वास्पादा, ३ सियागा, ४ आवास. 'माग्मा इंडोनेशिया' या सरकारी संकेतस्थळावर आणि अॅपवर ती रोज दिसते. बुकिंग करताना, निघायच्या आदल्या दिवशी आणि निघायच्या संध्याकाळी अशी तीनदा बघा. पातळी १ असेल तर वाट उघडी असते. २ झाली की विवराभोवतीचा भाग बंद होतो आणि मग विवरात उतरणं तर नाहीच, बहुधा कड्यावरही सोडत नाहीत.

'आम्ही मागच्या वाटेने नेतो' असं कोणी म्हणालं तर त्याच्यासोबत जाऊ नका. इजेनचा मोठा उद्रेक १८१७ चा, पण इथला रोजचा धोका लाव्हाचा नाही, वायूचा आहे. मार्च २०१८ मध्ये सरोवरातून अचानक वायू उसळला आणि आसपासच्या वस्तीतल्या तीसेक लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. ती माणसं विवरात उतरलेली नव्हती, डोंगराखाली राहत होती.

४. कागदपत्रं आणि तिकीट

- पासपोर्ट, किमान सहा महिने मुदतीचा; मूळ प्रत सोबत आणि फोटो मोबाइलमध्ये. भारतीयांना ई-व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो: ५ लाख रुपिया, ३० दिवस.
- बालीचा पर्यटक कर भरल्याची पावती (दीड लाख रुपिया).
- इजेनचं ऑनलाइन तिकीट. प्रत्येकाचं नाव आणि पासपोर्ट नंबर टाकून आधीच काढावं लागतं. परदेशी पाहुण्यांचा दर साधारण लाख ते दीड लाख रुपिया. आपल्या पैशात लाखाचे पाच-साडेपाचशे रुपये होतात.
- आरोग्य दाखला. जानेवारी २०२४ पासून तो लागतो. बान्युवांगीकडच्या दवाखान्यांत रक्तदाब, नाडी वगैरे बघून थोड्या पैशांत लगेच देतात.
- ट्रेकिंगचा समावेश असलेला प्रवास विमा.
- रोख रुपिया, सुटे. डोंगरावर कार्ड चालत नाही.

टूरवाला 'दाखला आम्ही काढून देतो' म्हणतो तेव्हा अनेकदा तपासणी नावापुरतीच असते. कागद मिळाला म्हणून तब्येत ठीक झाली असं नाही. दमा, हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण यांपैकी काही असेल तर इजेन वगळा. लहान मुलांनाही नेऊ नका. त्यांच्या चेहऱ्यावर मोठ्यांचा मास्क बसत नाही आणि छोटे मास्क तिथे मिळत नाहीत.

५. मास्क: इथे काटकसर नको

कापडी मास्क, सर्जिकल मास्क, करोनातला उरलेला एन-९५, यातलं काहीही इथे उपयोगाचं नाही. हे सगळे धूळ अडवतात, आणि इजेनला त्रास देतात ते सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू. त्यासाठी रबरी अर्धमुखी मास्क आणि त्याला आम्लवायूंचं फिल्टर लागतं. युरोपीय खुणांप्रमाणे आम्लवायूंच्या फिल्टरवर पिवळी पट्टी असते. एकापेक्षा जास्त वायूंसाठी असलेल्या फिल्टरवर पिवळ्यासोबत इतर रंगांच्या पट्ट्या दिसतात.

पाल्तुडिंगला, म्हणजे जिथून चढण सुरू होते तिथे, भाड्याने मास्क मिळतात. टूरमध्ये तो बहुतेक धरलेलाच असतो. हातात मिळाला की अंधारात तसाच गळ्यात अडकवू नका, टॉर्च मारून तपासा:

1. रबराला चीर नाही ना, आतल्या बाजूच्या पातळ झडपा जागेवर आहेत ना.
2. फिल्टर घट्ट फिरवून बसवलंय ना. ते सैल असणं ही सगळ्यात नेहमीची तक्रार.
3. मास्क लावा, दोन्ही फिल्टरवर तळवे घट्ट दाबा आणि श्वास आत ओढा. मास्क चेहऱ्याला चिकटून आत ओढला गेला तर बसणं बरोबर. कुठून तरी हवा आली की पट्टे आवळा आणि पुन्हा बघा.
4. मास्क लावून साधा श्वास घेताना गंधकाचा वास येत असेल तर फिल्टर संपलेलं आहे. बदलून मागा.

दाढी असेल तर तिसऱ्या पायरीला मास्क नापास होणारच. विवरात उतरायचं असेल तर आदल्या दिवशी दाढी करा. नसेल करायची तर कड्यावरच थांबा. कॉन्टॅक्ट लेन्स हॉटेलवर ठेवून चष्मा घाला, वायूने डोळे फार चुरचुरतात.

६. बाकीचं सामान

बालीच्या दमट हवेत बॅग भरताना कोणालाच थंडी आठवत नाही. पाल्तुडिंग साधारण १८५० मीटरवर आहे आणि कडा २३५० च्या आसपास. जुलै-ऑगस्टच्या पहाटे पारा ५ ते १० अंशांवर असतो, त्यात कड्यावर वारा. आत कोरडा टी-शर्ट, त्यावर फ्लीस, वरून वाऱ्याचं जाकीट, कानटोपी आणि हातमोजे. चढताना घाम येतो, म्हणून जाकीट बॅगेत ठेवून चढा आणि वर पोचल्यावर घाला. घामाने भिजलेला टी-शर्ट बदलायला एक जादा घेतला तर कड्यावरचे दोन तास सुखाचे जातात.

ट्रेकिंगचे बूट हवेत, सँडल नकोत. कपाळावरचा टॉर्च घ्या. मोबाइलच्या टॉर्चने एक हात अडकतो. दीड लिटर पाणी, थोडा सुका खाऊ, एक काठी. कपडे जुने घाला, गंधकाचा वास दोन-तीन धुण्यांनंतरही रेंगाळतो.

दागिन्यांचं मात्र लक्षात ठेवा. हायड्रोजन सल्फाइडने चांदी काळी पडते. जोडवी, पैंजण, चांदीची चेन, अंगठी, सगळं हॉटेलच्या तिजोरीत. सोन्याला काही होत नाही, पण सोनं घालून अंधारात डोंगर चढण्याचं प्रयोजन काय, हे ज्याचं त्याने बघावं.

७. घड्याळाचा घोळ

बाली आणि जावा यांच्यात एका तासाचा फरक आहे. बालीत पहाटेचे ३ वाजलेले असतात तेव्हा इजेनला २. मोबाइल फेरीच्या मध्यावर कधी हे टॉवर पकडतो, कधी ते, आणि वेळ मागेपुढे होते. म्हणून टूरवाल्याशी बोलताना प्रत्येक वेळी विचारा, 'बालीची वेळ की जावाची?' दक्षिण बालीतून निघणाऱ्याचं गणित साधारण असं बसतं:

- रात्री ९ (बाली): कुट्याहून निघणं
- रात्री १ (बाली): गिलिमानूक
- पहाटे सव्वा (जावा): केतापांग
- पहाटे अडीच (जावा): पाल्तुडिंग, मास्क, स्वच्छतागृह
- पहाटे साडेचार (जावा): कडा
- पाच ते साडेपाच (जावा): सूर्योदय

गेट साधारण दोनला उघडतं. कुट्याहून निघालेला माणूस पावणेतीनला चढायला लागला तर कड्यावर पोचेपर्यंत उजाडायच्या बेतात असतं आणि निळी आग उजेडात दिसत नाही. म्हणजे दक्षिण बालीतून एका रात्रीत जाताना 'ब्लू फायर गॅरंटीड' असं कोणी लिहिलं असेल तर ते गणितातच बसत नाही. आग बघायचीच असेल तर बान्युवांगीला मुक्काम हवा.

८. फेरी

गिलिमानूक-केतापांग फेरी रात्रंदिवस चालते. पाण्यावरचा प्रवास पाऊण ते एक तास, पण चढणं-उतरणं आणि धक्का मोकळा होण्याची वाट धरून दीड तास हाताशी ठेवा. लाटा मोठ्या असल्या की बंदर काही तास बंद होतं. त्यावर कोणाचाच इलाज नसतो.

गाडीसकट फेरीत चढलात तरी गाडीत झोपून राहू नका. खालच्या मजल्यावर गाड्या खेटून लावतात, दारही पुरतं उघडत नाही. वरच्या डेकवर या आणि लाइफजॅकेट कुठे ठेवलेत ते बघून घ्या. याच सामुद्रधुनीत जुलै २०२५ मध्ये रात्रीच्या वेळी एक फेरी बुडाली होती.

९. चढण

पाल्तुडिंगपासून कड्यापर्यंत तीन किलोमीटर. वाट रुंद आहे, चुकायचा प्रश्न नाही. सुरुवातीचा थोडा भाग सौम्य, मग दीडेक किलोमीटर खरी दमवणारी चढण, आणि पोंडोक बुंडर या जुन्या गोल इमारतीनंतर शेवटचा किलोमीटर जवळजवळ सपाट. दीड ते दोन तास धरा. मधल्या चढणीत ग्रुपमधल्या तरण्यांच्या मागे धावू नका, कारण धाप लागलेल्या अवस्थेत वर पोचून वायू आला की मास्कमधून श्वास पुरत नाही.

वाटेभर 'टॅक्सी, टॅक्सी' असा पुकारा ऐकू येतो. ही टॅक्सी म्हणजे दोन-तीन माणसांनी ओढायची-ढकलायची हातगाडी, आणि ओढणारे बरेचदा आधी गंधक वाहणारेच असतात. ज्येष्ठांसाठी ही चांगली सोय आहे. भाव बसण्याआधीच पक्का करा: फक्त वर की येणं-जाणं, माणशी की गाडीचा. जितकं वर जाऊन गाडी कराल तितका भाव उतरतो.

१०. विवरात उतरायचं की नाही

कड्यावरून विवराच्या तळाकडे जाणारी वाट साधारण ८०० मीटरची, खडकांची आणि अरुंद. उतरायला पाऊण तास. ती कधी उघडी असते, कधी बंद. बंद असताना उतरू नका, उघडी असतानाही गाइडशिवाय उतरू नका.

खाली जे दिसतं तो लाव्हा नव्हे. खडकाच्या फटींतून ६०० अंशांपर्यंत तापलेला गंधकवायू बाहेर येतो, हवेशी गाठ पडताच पेट घेतो आणि निळा जळतो. शेजारीच कामगारांनी वायूच्या झोतावर नळ्या बसवलेल्या आहेत. वायू नळीत थंड होतो, तोंडाशी लालसर-नारिंगी पाघळ होऊन ठिबकतो आणि गोठला की पिवळा पडतो. तो पहारीने फोडून टोपल्यांत भरतात. खांद्यावरच्या कावडीत ७० ते ९० किलो वजन असतं, आणि ते घेऊन माणूस तीच खडकाळ वाट चढतो. त्यांना आधी वाट द्या. डोंगराच्या बाजूला सरका, दरीच्या बाजूला नाही, आणि टॉर्च त्यांच्या डोळ्यांवर मारू नका. फोटो काढायचा तर विचारून काढा आणि काही पैसे द्या. त्यांच्या मजुरीचा हिशेब किलोवर होतो, पोझ द्यायला थांबणं त्यांना परवडत नाही.

वारा फिरला की पांढरा ढग अंगावर येतो. तेव्हा काय करायचं ते आधीच मनात पक्कं असू द्या. धावायचं नाही. मास्क चेहऱ्यावर दाबायचा, डोळे मिटून किंवा किलकिले ठेवून खडकाचा आधार घेऊन उभं राहायचं, वाऱ्याकडे पाठ. ढग बहुतेक वेळा मिनिटा-दोन मिनिटांत सरकतो. सल्फर डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, म्हणून खाली वाकून किंवा खड्ड्यात बसून उपयोग नाही. तिथे वायू जास्तच साठतो. ढग लांबला तर गाइडबरोबर सावकाश वर चढायचं. छाती आवळल्यासारखी वाटली, खोकला थांबेना, तर आग बघून झाली की नाही याचा विचार न करता वर यायचं.

सरोवराच्या पाण्याला हात लावू नका. त्याचा सामू ०.५ च्याही खाली आहे, म्हणजे ते पाणी गंधकाम्ल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाने भरलेलं आहे.

११. कड्यावर

पहाट खरी कड्यावरूनच बघावी. उजाडताना सरोवर आधी राखाडी दिसतं, मग फिकट हिरवं, आणि ऊन आत पोचलं की तो फोटोतला फिरोजी रंग येतो. त्याला सूर्योदयानंतर अर्धा-पाऊण तास लागतो, आणि नेमके तेव्हाच निम्मे लोक थंडीने कंटाळून उतरायला लागतात. थांबा.

कुंपण जिथे आहे तिथे त्याच्या अलीकडे राहा, जिथे नाही तिथे कड्यापासून दोन-तीन पावलं मागे. कडेची माती भुसभुशीत आहे. एप्रिल २०२४ मध्ये फोटोसाठी मागे सरकताना एक पर्यटक महिला इथून पडून दगावली. वाळक्या झाडांवर चढून फोटो काढायची टूम आहे, तीही सोडा.

१२. उतरणं, खाणं आणि परतीचा प्रवास

कोरड्या हंगामात वाटेवर मुरमाचा आणि धुळीचा थर असतो, त्यावर पाय सटकतात. पावलं छोटी, गुडघे थोडे वाकलेले, काठी पुढे. उतरायला तास-सव्वा तास.

पाल्तुडिंगला टपऱ्या आहेत: चहा, कॉफी, नूडल्स, भात. शाकाहारींनी 'तान्पा दागिंग, तान्पा इकान, तान्पा तेलूर' (मांस, मासे, अंडं नको) एवढं सांगून भागत नाही, 'तान्पा तेरासी' हेही सांगावं. तेरासी म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी. ती सांबालमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, सर्रास असते. खात्री हवी तर थेपले किंवा दशम्या बरोबर ठेवा.

साडेआठला तिथून निघालात तर दक्षिण बालीत पोचायला संध्याकाळचे चार-पाच होतात, आणि परतताना घड्याळातला एक तास जातो हे विसरू नका. त्याच रात्रीचं विमान ठेवू नका. फेरी दोन तास थांबली किंवा देनपासारच्या अलीकडे वाहतूक तुंबली की ते हुकलंच.

खाली उतरल्यावर गंधकाचे छोटे कासव, फुलं, गणपतीसुद्धा विकायला असतात. कामगाराला मदत म्हणून पैसे द्या, वस्तू मात्र घेऊ नका. गंधक ज्वालाग्राही असल्याने विमानाच्या सामानात चालत नाही, ना हातातल्या बॅगेत ना चेक-इनमध्ये. बूट आणि जाकीट घरच्या कपड्यांत मिसळण्याआधी वेगळ्या पिशवीत बांधा आणि झिप असलेल्या कॅमेऱ्याच्या बॅगेचे धातूचे भाग ओल्या फडक्याने पुसून, कोरडे करून ठेवा.